निसर्गचित्राची इटालियन चौकट आणि वेरूळचा डोंगर

वेरूळच्या लेण्यांची २४ दृश्ये १८०३ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांची मूळ रेखाटने जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने प्रत्यक्ष लेण्यांत बसून केली होती आणि त्याच्या मृत्यूनंतर ती छापण्याचे काम टॉमस डॅनियल या इंग्रज चित्रकाराच्या देखरेखीखाली पार पडले. दृश्यांतील खडक दख्खनचा होता, शिल्पे राष्ट्रकूटांच्या आणि त्यांच्याही आधीच्या काळातील होती. परंतु डोंगर कोठून पाहावा, पुढे किती अंधार ठेवावा, झाड कोठे उभे करावे आणि नजर कोणत्या वाटेने आत न्यावी, याविषयीचे संकेत मात्र सुमारे दीडशे वर्षांपूर्वी रोमच्या परिसरात घडलेल्या निसर्गचित्रांतून आलेले होते. त्या चित्रांना कलेतिहासात 'अभिजात' किंवा 'आदर्श' निसर्गचित्रे म्हणतात. ही चौकट रोममध्ये कशी तयार झाली, ती दख्खनपर्यंत कशी पोहोचली आणि येथील खडकाने व उजेडाने तिचे काय केले, याचा विचार या प्रकरणात केला आहे.

रोमचे माळरान आणि आदर्श निसर्ग

सोळाव्या शतकापर्यंतच्या इटालियन चित्रकलेत डोंगर, नदी आणि झाडे ही बहुधा धार्मिक अथवा पौराणिक प्रसंगाच्या मागे येत. चित्रप्रकारांची जी उतरंड विद्वान मानत, तिच्यात मानवी प्रसंग रंगवणारे 'इतिहासचित्र' सर्वांत वर आणि निसर्गचित्र बरेच खाली असे. हा क्रम मोडण्याऐवजी त्याच्याच नियमांनी निसर्गचित्राला वर नेण्याची युक्ती रोममधील चित्रकारांनी काढली: निसर्ग चित्राचा मोठा भाग व्यापील, परंतु त्यात बायबलमधील, व्हर्जिलच्या काव्यातील किंवा ग्रीक-रोमन पुराणांतील प्रसंग लहान आकृतींच्या रूपाने राहील, आणि निसर्गाची मांडणीही वास्तुरचनेसारखी तोलून केलेली असेल. आन्नीबाले कार्राच्ची याने १६०४ च्या सुमारास रंगवलेले, येशूच्या कुटुंबाच्या इजिप्तकडील पलायनाचे चित्र या परंपरेचा आरंभबिंदू मानले जाते. त्यात प्रवासी कुटुंब पुढे लहानसे दिसते, तर मधल्या टेकडीवरील तटबंदीचे नगर आणि दोन्ही बाजूंची झाडी चित्राचा तोल सांभाळतात.

या परंपरेला परिपूर्ण रूप दिले ते दोन फ्रेंच भाषक चित्रकारांनी, आणि दोघांचेही आयुष्य मुख्यतः रोममध्ये गेले. निकोला पूसँ (१५९४–१६६५) याच्या चित्रांत निसर्ग एखाद्या तर्कशुद्ध विधानासारखा आखलेला असतो, तर लोरेन प्रांतात जन्मलेला क्लोद जेले, जो 'क्लोद लोरँ' या नावाने प्रसिद्ध आहे (मृत्यू १६८२), त्याने प्रकाशालाच चित्राचा विषय केले. रोमभोवतीचा 'काम्पान्या' हा प्रदेश तेव्हा हिवतापाने ग्रासलेला, विरळ वस्तीचा आणि गुराढोरांच्या चराईचा होता. प्राचीन जलवाहिन्यांच्या कमानी, पडकी देवळे, तिवोलीचा धबधबा आणि दूरवरच्या निळसर टेकड्या एवढ्या सामग्रीतून या चित्रकारांनी कोणत्याही नकाशावर न सापडणारा एक प्रदेश उभा केला. क्लोद पहाटेपासून रात्र पडेपर्यंत माळरानावर पडून आकाशाचे निरीक्षण करीत असे, असे त्याचा समकालीन चित्रकार योआखिम फॉन झांड्रार्ट याने नोंदवले आहे. तथापि त्याची मोठी तैलचित्रे चित्रशाळेतच तयार होत. जागेवरची रेखाटने त्याला केवळ कच्चा माल पुरवीत.

एका चित्राची बांधणी

लंडनच्या नॅशनल गॅलरीत असलेले, इसहाक आणि रिबेका यांच्या विवाहाचे क्लोदचे १६४८ सालचे चित्र ही बांधणी समजून घेण्यास उपयुक्त आहे. सुमारे दीड मीटर उंच आणि दोन मीटर रुंद अशा या कॅनव्हासवर पुढच्या मोकळ्या जागेत नाचगाणे चालले आहे, मधल्या भागात पाणचक्की आणि रुंद संथ पाणी आहे, आणि त्यापलीकडे नजर टप्प्याटप्प्याने निळसर डोंगरांपर्यंत जाते. हा विवाह बायबलमधील आहे हे केवळ एका झाडाच्या बुंध्यावर कोरलेल्या अक्षरांवरून कळते. ती अक्षरे नसती, तर कोणीही या चित्राला ग्रामीण उत्सवाचे दृश्य समजले असते.

अशा चित्रात तीन पट्टे असतात. सर्वांत पुढची अग्रभूमी तपकिरी आणि गडद, त्यामागची मध्यभूमी हिरवी आणि अर्धवट उजळलेली, आणि शेवटची दूरभूमी निळी व फिकी असते. हवेतील बाष्प आणि धुलिकण यांमुळे दूरच्या वस्तू फिक्या, निळसर आणि अस्पष्ट दिसतात; या गुणाचा वापर करून सपाट पृष्ठभागावर खोली भासवण्याच्या पद्धतीला 'वातावरणीय यथादर्शन' म्हणतात. त्याच्या जोडीला कडेचे एखादे मोठे, सावलीत बुडालेले झाड उभे केले जाते. ते नजरेला चित्राबाहेर निसटू देत नाही आणि गडद असल्यामुळे पलीकडचा उजेड अधिक खोल व दूर वाटायला लावते. नदी, वाट किंवा पूल नजरेला नागमोडी वळणाने आत नेतात. या सर्वांवर क्लोदने स्वतःची भर घातली ती सूर्याची: त्याच्या अनेक चित्रांत, विशेषतः बंदरांच्या दृश्यांत, सूर्य क्षितिजाच्या किंचित वर प्रेक्षकाच्या समोरच असतो, त्यामुळे सारा प्रकाश समोरून येतो, वस्तूंच्या कडा वितळतात आणि संपूर्ण दृश्य एकाच सोनेरी छटेत बांधले जाते.

या चित्रांना मागणी इतकी होती की क्लोदच्या हयातीतच त्यांची बनावट चित्रे विकली जाऊ लागली. त्यावर उपाय म्हणून १६३५ च्या सुमारास त्याने आपल्या पूर्ण झालेल्या चित्रांची रेखाटने एका वहीत नोंदवून ठेवण्यास सुरुवात केली. 'सत्याचे पुस्तक' अशा अर्थाच्या लॅटिन नावाने ओळखला जाणारा हा १९५ रेखाटनांचा संच आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. बनावटीविरुद्धच्या या नोंदवहीनेच पुढे अनुकरणाला सर्वाधिक हातभार लावला, कारण १७७७ साली तिच्या छापील प्रती लंडनमध्ये निघाल्या आणि ज्यांनी क्लोदचे एकही मूळ चित्र पाहिले नव्हते, त्यांनाही त्याची रचना पानोपान उलगडून पाहता आली.

इटली न पाहता इटालियन

चौकट एकदा सुटी झाली की तिला मूळ भूमीची गरज उरत नाही, हे सतराव्या शतकातच दिसून आले होते. यान बोथ आणि त्याच्यासारखे डच चित्रकार रोमला जाऊन परतले आणि त्यांनी मायदेशी त्या दक्षिणेकडील सोनेरी उजेडाची चित्रे विकली. आल्बर्ट कॉइप (१६२०–१६९१) हा तर इटलीला गेल्याची कोणतीही नोंद नाही, तरीही डोर्ड्रेख्ट परिसरातील सपाट कुरणे आणि गाई त्याने रोमच्या उन्हात न्हालेल्या वाटाव्यात अशा रंगवल्या.

इंग्लंडमध्ये हा संस्कार अधिक खोल रुजला. तेथील श्रीमंत घराण्यांतील तरुण शिक्षणाचा शेवटचा टप्पा म्हणून इटलीची दीर्घ यात्रा करीत आणि परतताना क्लोद, पूसँ व गास्पार दुगे यांची चित्रे घेऊन येत. रिचर्ड विल्सन (१७१४–१७८२) या वेल्श चित्रकाराने इटलीत काही वर्षे काढून तीच रचना वेल्सच्या डोंगरांना लावली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम गिल्पिन याच्या प्रवासग्रंथांनी 'चित्रमय' ही कसोटी लोकप्रिय केली, म्हणजे जो प्रदेश चित्रासारखा दिसतो तो पाहण्याजोगा, असा विचार रूढ केला. हौशी प्रवासी 'क्लोद-काच' नावाचा लहान, फुगीर आणि काळसर आरसा बाळगीत आणि दृश्याकडे पाठ फिरवून आरशात ते पाहत, कारण त्यात रंग मंद होत, तपशील गळून पडत आणि माळरान आपोआप क्लोदच्या चित्रासारखे दिसू लागे.

भारतात आलेला विल्यम हॉजेस (१७४४–१७९७) हा याच विल्सनचा शिष्य होता. तो १७८० ते १७८३ या काळात मुख्यतः उत्तर आणि पूर्व भारतात फिरला. त्याच्या पाठोपाठ टॉमस डॅनियल (१७४९–१८४०) आणि त्याचा पुतण्या विल्यम डॅनियल हे १७८६ साली कलकत्त्यास उतरले आणि सात वर्षे देशभर फिरून १७९३ साली मुंबईस पोहोचले. तेथे त्यांची जेम्स वेल्सशी गाठ पडली आणि मुंबईच्या आसपासची लेणी त्यांनी पाहिली.

पुण्यातील चित्रशाळा आणि गंगाराम तांबट

वेल्स (१७४७–१७९५) हा १७९१ साली मुंबईस आला होता. पुणे दरबारातील ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या ओळखीने त्याला पेशव्यांच्या दरबारात प्रवेश मिळाला आणि १७९२ साली त्याने सवाई माधवराव व नाना फडणवीस यांचे एकत्र तैलचित्र रंगवले, जे आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. मॅलेटच्या पुढाकाराने पुण्यात युरोपीय पद्धतीचे चित्रकलाशिक्षण देणारी एक शाळा सुरू झाली होती. तिच्याशी जोडलेल्या चित्रकारांत सर्वांत महत्त्वाचे नाव गंगाराम चिंतामण नवगिरे-तांबट यांचे आहे. मॅलेटसाठी त्यांनी वेरूळ आणि कार्ल्याची लेणी रेखाटली, पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा काढला, आणि वेरूळच्या कामात वेल्सला साहाय्य केले. त्यांची बरीच रेखाटने आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहालयात आहेत.

एकच डोंगर पाहण्याच्या दोन पद्धती या कामात समोरासमोर येतात. गंगारामांचा भर रेषेवर आहे: खांब किती, मूर्तीच्या हातात काय, दालन कोणत्या दालनास लागून, याचा हिशेब त्यांच्या रेखाटनांतून लागतो आणि एखाद्या कसबी कारागिराने वस्तू हाताळून तिची नोंद करावी तसा तो वाटतो. वेल्सच्या रेखाटनांवरून डॅनियलांनी सिद्ध केलेल्या दृश्यांत मात्र मोजमापाला प्रेक्षकाच्या जागेची जोड मिळते: पुढे सावली, त्यात माणसांच्या लहान आकृती, कपारीतून वाढलेली झुडपे आणि उजेडाने वेगळी काढलेली शिल्पभिंत. ही दृश्ये ॲक्वाटिंट पद्धतीने छापलेली होती. तांब्याच्या पाट्यावर राळेची पूड बसवून तो आम्लात धरला की राळेच्या कणांमधील तांबे खाल्ले जाते आणि छापल्यावर रेषेऐवजी सलग छटा मिळते. जेथे अधिक गडदपणा हवा तो भाग आम्लात अधिक वेळ ठेवतात. छपाईनंतर जलरंगाचे हात दिले जात. क्लोदच्या चित्राचा प्राण छटांच्या पायऱ्यांत असल्यामुळे ती दृष्टी पुस्तकाच्या पानावर आणण्यास रेषाप्रधान कोरीवकामापेक्षा ही पद्धत कितीतरी सोयीची ठरली.

वेल्सला आपले काम छापलेले पाहता आले नाही. लेण्यांची रेखाटने चालू असतानाच आजारी पडून नोव्हेंबर १७९५ मध्ये त्याचा मृत्यू झाला. मुंबई बेट व परिसराची त्याची १२ दृश्ये १८०० साली आणि वेरूळची २४ दृश्ये १८०३ साली निघाली. पुढे मुंबईच्या सैन्यात काम केलेल्या रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले याने १८२६ ते १८३० या काळात पश्चिम भारतातील दृश्यांचा जो ग्रंथ काढला, त्यात बोर घाटासारखे सह्याद्रीचे देखावेही अशाच रीतीने मांडलेले आढळतात.

चौकटीत न मावणारा कैलास

क्लोदच्या रचनेला दूरभूमी लागते, आणि वेरूळच्या कैलास लेण्यात नेमकी तीच नाही. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण (सुमारे ७५६–७७३) याच्या काळाशी जोडले जाणारे हे मंदिर डोंगर वरून खाली खोदत नेऊन घडवलेले असल्यामुळे ते एका प्रचंड खड्ड्यात उभे आहे. त्याच्या तिन्ही बाजूंना कातळाच्या भिंती आहेत आणि मागची भिंत ३० मीटरहून उंच आहे. आत शिरलेल्या माणसाला क्षितिज दिसत नाही, नदी दिसत नाही, आणि नजर दूर जाण्याऐवजी वर जाते. त्यामुळे चित्रकाराला एकतर डोंगराच्या बाहेर उभे राहून साऱ्या लेण्यांचा लांबट देखावा घ्यावा लागतो, किंवा आत राहून चित्रमय रचनेचा बराचसा भाग सोडावा लागतो. वेरूळच्या दृश्यमालिकेत या दोन्ही प्रकारची चित्रे आहेत, आणि आतल्या दृश्यांत वास्तूच्या तपशिलाने निसर्गाच्या मांडणीवर मात केलेली आहे.

दुसरी अडचण अर्थाची होती. रोमच्या चित्रांतील पडकी देवळे पाहताना सुशिक्षित युरोपीय प्रेक्षकाच्या मनात एका लयाला गेलेल्या साम्राज्याचा विचार येत असे, आणि भारतातील प्राचीन वास्तूंची चित्रे पाहतानाही तीच सवय कामास लागली. परंतु वेरूळ हे केवळ अवशेषांचे ठिकाण नव्हते. लेण्यांपासून थोड्याच अंतरावर असलेल्या घृष्णेश्वर ज्योतिर्लिंगाच्या मंदिराचा जीर्णोद्धार त्याच अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी केला होता आणि यात्रेकरूंची ये-जा चालू होती. ज्या स्थळी पूजाअर्चा चालू आहे, ते भग्नावशेषांच्या साच्यात घातले की तेथील माणसे उरतात ती चित्राच्या प्रमाणासाठी ठेवलेल्या लहान आकृती म्हणून. निसर्गचित्र निष्पाप दिसत असले तरी ते कोणाच्या जागेवरून पाहिले आहे, हा प्रश्न त्यात दडलेला असतोच.

पैनगंगेच्या खोऱ्यातला उजेड

सर्वांत मूलभूत विरोध मात्र उजेडाचा होता, आणि तो वेरूळइतकाच विदर्भातही दिसतो. यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुका हे त्याचे चांगले उदाहरण आहे. हिवरा संगम येथे पूस नदी पैनगंगेला मिळते. आसपास सपाट माथ्याचे काळ्या पाषाणाचे डोंगर, सागाची जंगले आणि कापसाची काळी रानेही आहेत. नदीचे वळण, काठावरची झाडी आणि दूरची डोंगररांग, म्हणजे क्लोदच्या चित्राला लागणारी सामग्री येथे आयतीच मिळते. थोड्या अंतरावर, उमरखेड तालुक्याच्या सीमेवर, सहस्रकुंडचा धबधबा आहे, आणि तिवोलीच्या धबधब्यावर जगलेल्या चित्रकारांनी तोही सोडला नसता. तरीही या सामग्रीतून क्लोदचे चित्र होत नाही.

याचे कारण अक्षांशांत आहे. रोम सुमारे ४२ अंश उत्तरेस आहे, तर महागाव २० अंशांच्या किंचित अलीकडे. डिसेंबरच्या अखेरीस रोममध्ये भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २५ अंश वर येतो, म्हणून तेथे हिवाळ्याचा दिवसभर तिरकस, लांब सावल्यांचा उजेड मिळतो. महागावात त्याच दिवशी तो सुमारे ४७ अंश वर असतो, आणि मे महिन्यातील तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास व पुन्हा जुलैच्या अखेरच्या आठवड्याच्या सुमारास तर तो थेट डोक्यावर येऊन 'शून्य सावलीचा दिवस' घडतो. येथे सूर्य क्षितिजाशी अधिक काटकोनात उतरत असल्यामुळे सायंकाळचा सोनेरी काळही आखूड असतो. शिवाय उन्हाळ्यात धुळीमुळे दूरचे डोंगर निळे दिसण्याऐवजी पिवळट-करडे दिसतात, आणि पाऊस पडून हवा धुतली गेली की तेच डोंगर इतके ठळक होतात की त्यांच्यामधील अंतरच नाहीसे वाटते. वातावरणीय यथादर्शनाचा नियम खोटा ठरत नाही, परंतु त्याच्या छटा बदलतात. आणि तपकिरी-हिरव्या-निळ्या पट्ट्यांचा इटालियन साचा येथे जसाच्या तसा वापरला, तर चित्र सुंदर होते, पण ते पैनगंगेचे राहत नाही.

साचा सुटला, शिस्त राहिली

मुंबईत १८५७ साली सर ज. जी. कलाशाळा आणि १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाल्यानंतर युरोपीय चित्रपद्धती महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या हाती आली. यथादर्शन, छटांची उतरंड आणि दृश्याची निवड या गोष्टी त्यांनी आत्मसात केल्या. परंतु त्यांतील उत्तम निसर्गचित्रकारांनी सोनेरी सूर्य मात्र परत केला. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांनी या कलाशाळेत शिकून गावी परतल्यावर रंकाळा, कोटितीर्थ आणि पंचगंगेचा परिसर रंगवला. त्यांच्या चित्रांत देवळे आणि घाट येतात ते भग्नावशेष म्हणून येत नाहीत. रोजच्या वापरातल्या जागा म्हणूनच ते दिसतात. सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) यांच्या हाती पारदर्शक जलरंगाचे माध्यम विशेष परिणत झाले. या माध्यमात पांढरा रंग वेगळा लावायचा नसतो. कागदाचा कोरा भाग राखून ठेवणे हाच उजेड असतो, म्हणून चित्रकाराला सर्वांत तीव्र प्रकाश आधी ठरवून मग भोवती रंग द्यावा लागतो. तैलरंगांत गडदाकडून उजेडाकडे येणाऱ्या क्लोदच्या पद्धतीच्या ही नेमकी उलट दिशा आहे, आणि पांढऱ्या भिंतीवर पडलेले दख्खनचे दुपारचे ऊन पकडण्यास ती अधिक जवळची आहे.

म्हणून अभिजात इटालियन निसर्गचित्राचे महाराष्ट्रातील ऋण आणि त्याची मर्यादा ही दोन्ही एकाच वेळी मान्य करावी लागतात. दृश्य ही दिसेल तशी उतरवून घेण्याची वस्तू नसून निवडीची, तोलाची आणि छटांच्या हिशेबाची रचना आहे, ही शिस्त त्या परंपरेने दिली. कोणता उजेड खरा मानायचा, हे मात्र तिला ठरवता आले नाही. ते येथील चित्रकारांनी आपल्याच नदीकाठी बसून, आपल्याच दुपारी ठरवले.